विशेष शिक्षकांना जादा वेतन : भत्त्याने रिकामी खुर्ची भरेल काय?

आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन येतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली हा दिवस ठरवून दिला, आणि तेव्हापासून आपल्या धर्मग्रामांतूनही त्या निमित्ताने मुलांचा मेळावा, खाऊवाटप, एखाद्या दात्याकडून तीनचाकी सायकल असे कार्यक्रम होत आले आहेत. अशाच एका कार्यक्रमानंतर नेवासे तालुक्यातील एक माता आमच्याजवळ येऊन उभी राहिली. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवरचा ताबा नीट नसणे, हा विकार आहे. ती म्हणाली, "फादर, सायकल मिळाली, देव तुमचं भलं करो. पण त्याला शिकवायला ज्या बाई यायच्या त्या दिवाळीपासून येईनाशा झाल्यात. त्या परत कधी येतील?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. चौकशी केल्यावर समजले ते एवढेच, की त्या बाई कंत्राटी विशेष शिक्षिका होत्या, महिन्यातून दोन वेळा त्या वस्तीवर येत, आणि घराजवळ दुसरी नोकरी मिळताच त्यांनी हे काम सोडले. त्यांना दोष देण्याचे आमच्या मनात मुळीच आले नाही. प्रश्न निराळाच आहे. इतके अवघड आणि इतके विशेष प्रशिक्षण मागणारे काम करणाऱ्या माणसास आपण काय देतो? आणि थोडे अधिक दिले, तर असे शिक्षक मिळतील व टिकतील काय? जगात अनेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर 'जादा वेतन' असे देण्यात आले आहे. आपल्या देशानेही ते एकेकाळी दिले होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल.

हे काम कशाला म्हणतात?

प्रथम विशेष शिक्षक म्हणजे कोण ते समजून घेऊ. कर्णबधिर मुलाला ओठांच्या हालचालींवरून व खुणांच्या भाषेतून शिकविणारा, अंध मुलाच्या बोटांना ब्रेलचे सहा ठिपके ओळखावयास लावणारा, बौद्धिक दिव्यांग मुलास स्वतःच्या हाताने जेवणे, पैसे मोजणे, रस्ता ओलांडणे या गोष्टी पायरीपायरीने शिकविणारा, स्वमग्न मुलाच्या शांततेचा अर्थ लावणारा असा हा शिक्षक असतो. त्यासाठी विशेष शिक्षणातील पदविका किंवा पदवी घ्यावी लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय नोंदणी एकदा केली की संपले असे नाही. ठराविक काळाने ती नव्याने करावी लागते व त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या प्रशिक्षणवर्गांना हजेरी लावावी लागते. सर्वसाधारण शाळेत गणित शिकविणाऱ्या आमच्या मास्तरांवर असे काही बंधन नाही.

दुसरी गोष्ट अशी की हे शिक्षण बहुतांशी दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार विभागलेले आहे. एकाचा अभ्यास श्रवणदोषाचा, दुसऱ्याचा दृष्टिदोषाचा, तिसऱ्याचा बौद्धिक दिव्यांगत्वाचा. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तर दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आहेत. कर्णबधिरांना शिकविण्यात पारंगत असलेली शिक्षिका सायकल पाल्सीच्या मुलापुढे नेऊन उभी केली तर तीही सुरुवातीस चाचपडते. आमच्याकडील खेड्यांत नेमके हेच घडते. (वरील शब्द आम्ही मुद्दाम तसाच लिहिला आहे, त्या मातेच्या तोंडी तो 'सायकल पाल्सी' असाच होता. डॉक्टरांनी तिला कागदावर लिहून दिले, समजावून कोणी सांगितले नाही.)

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. त्यात शाळेच्या वयाची मुले मोठ्या संख्येने आहेत. आणि आपला जिल्हा? अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा : सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके, २०११ साली पंचेचाळीस लाखांवर लोकसंख्या. दिव्यांगत्वाचा दाखला मिळविण्यासाठी अकोल्याच्या डोंगरातून नगरला जिल्हा रुग्णालयात यावयाचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यातील दिव्यांग मूल एक तर आजीजवळ मागे राहते किंवा पाचटाच्या खोपीत दिवस काढते. ज्या मुलाला रोज तेच ते, त्याच वेळी, त्याच हाताने शिकवावे लागते, त्याचे सहा महिने असे जातात. अशा जिल्ह्यात फिरते विशेष शिक्षक म्हणून काम करणे म्हणजे दुचाकीवर आयुष्य काढणे होय.

दोनशे रुपयांची गोष्ट

आता वेतनाकडे वळू. सर्वसाधारण शाळांत दिव्यांग मुलांना सामावून घेण्याची केंद्र शासनाची पहिली मोठी योजना १९७४ साली सुरू झाली. अपंग एकात्म शिक्षण योजना या नावाने आपल्याकडील जुन्या शिक्षकांना ती आठवत असेल. आरंभी ती समाजकल्याण खात्याकडे होती, १९८२ साली शिक्षण खात्याकडे आली आणि १९९२ साली तिचे नियम सुधारण्यात आले. त्या नियमांत असे स्पष्ट होते की विशेष शिक्षकास त्या राज्यातील समकक्ष शिक्षकाइतकीच वेतनश्रेणी द्यावी आणि कामाचे विशेष स्वरूप लक्षात घेऊन त्यावर दरमहा विशेष वेतन द्यावे : शहरी भागात १५० रुपये व ग्रामीण भागात २०० रुपये. आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाणही त्याच योजनेत होते.

ग्रामीण भागाला पन्नास रुपये अधिक देणाऱ्या त्या अज्ञात अधिकाऱ्याचे आम्हांस कौतुक वाटते. खेड्यात शिक्षक जात नाही हे त्याने ओळखले होते.

दोनशे रुपये ही रक्कम आज ऐकताना हसू येईल. पण त्या काळी ती हसण्याजोगी नव्हती. चौथ्या वेतन आयोगाच्या श्रेणीत प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन १२०० रुपयांपासून सुरू होत असे. म्हणजे ग्रामीण विशेष शिक्षकाला मूळ वेतनाच्या सहाव्या हिश्शाइतकी रक्कम जादा मिळावी अशी ती तरतूद होती. सातव्या वेतन आयोगानंतर महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २९,२०० रुपयांपासून सुरू होते. त्याचा सहावा हिस्सा काढला तर सुमारे ४,८५० रुपये होतात. तेच दोनशे रुपये जर कोणी आज दिले, तर ते मूळ वेतनाच्या एक टक्काही भरणार नाहीत. रुपयांत बांधलेला भत्ता पावसात ठेवलेल्या मिठासारखा असतो. टक्केवारीत बांधलेला टिकतो. धोरण आखणाऱ्यांनी हा साधा हिशेब पाहिला असता तर पुष्कळ काही वाचले असते.

परंतु घडले ते त्याहूनही निराळे. पुढे सर्व शिक्षा अभियान आले, माध्यमिक स्तरासाठी २००९ साली स्वतंत्र योजना आली आणि २०१८ पासून हे सारे समग्र शिक्षा या एकाच छत्राखाली आले. या प्रवासात विशेष शिक्षकाचे 'वेतन' जाऊन त्या जागी 'एकत्रित मानधन' आले. श्रेणी नाही, वार्षिक वेतनवाढ नाही, निवृत्तिवेतन नाही. ठराविक मुदतीचा करार, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा करार. ज्याला इतर शिक्षकांपेक्षा काकणभर अधिक द्यावे असे १९९२ साली शासनाने मान्य केले होते, त्याला इतर शिक्षकांपेक्षा कमी मिळू लागले. वीस वीस वर्षे अशा रीतीने काम केलेली माणसे आपल्या महाराष्ट्रात आहेत. जादा वेतनाची चर्चा करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. कारण जादा म्हणजे कशावर जादा, हा प्रश्न आधी येतो.

न्यायालयात काय झाले

हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने केंद्र शासनास विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून ते अधिसूचित करण्यास सांगितले, आणि तोवरच्या काळासाठी स्वतःच प्रमाण घालून दिले : सेरेब्रल पाल्सीच्या आठ मुलांमागे एक शिक्षक, बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न व अध्ययन अक्षम अशा पाच मुलांमागे एक, आणि अंधत्व व बधिरत्व दोन्ही असलेल्या दोन मुलांमागे एक. त्यानुसार सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत दुरुस्ती झाली. पहिली ते पाचवीच्या वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक व सहावी ते आठवीत पंधरा मुलांमागे एक, असे प्रमाण ठरले.

महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. राज्यात शाळासमूहांची जितकी केंद्रे, तितकी ही पदे. म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. समग्र शिक्षेतील सुमारे तीन हजार कंत्राटी विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचे ठरले. त्यानंतर ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना अधिक कडक शब्दांत सांगितले, की पदे ठरवून अधिसूचित करा, वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, आणि जे वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करीत आहेत त्यांची पात्रता समितीकडून तपासून पात्र असलेल्यांना नियमित वेतनश्रेणी द्या.

हे स्वागतार्ह आहे. पण आपण थोडा हिशेब करू. एका केंद्रात साधारणतः दहा ते पंधरा शाळा असतात. बारा शाळा धरल्या आणि महिन्याचे कामकाजाचे चोवीस दिवस धरले, तर एका शाळेच्या वाट्याला विशेष शिक्षक महिन्यातून दोनच दिवस येतो. नेवासे तालुक्यातील त्या मुलाकडे बाई महिन्यातून दोनदाच येत होत्या, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. म्हणजे सर्व पदे भरली गेली, कोणी सोडून गेले नाही, पावसाळ्यात रस्ता बंद झाला नाही, तरी आपण तेथेच असू जेथे ती माता दिवाळीपूर्वी होती. केंद्राला एक हे प्रमाण मुलांच्या संख्येवरून आलेले नाही, ते नकाशावरून आलेले आहे.

आणि सर्व पदे भरली जाण्यास माणसे तरी कोठे आहेत? विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्था मोजक्या, त्याही बहुधा शहरांत. दोन वर्षे घर सोडून, फी भरून एखादी मुलगी हा अभ्यास का करील, जर तेवढ्याच काळात साधा डी.एड. करून गावातच नोकरी शोधता येत असेल? येथे जादा वेतनाचा खरा विचार सुरू होतो.

इतरांचा अनुभव

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे आपल्याला ओळखीची आहेत ती संत डेमियन यांच्यामुळे. मोलोकाई येथील कुष्ठरोग्यांमध्ये त्यांनी आयुष्य वेचले व तेथेच १८८९ साली देह ठेवला. आज ते अमेरिकेचे एक राज्य आहे आणि विशेष शिक्षकांचा तुटवडा तेथेही मोठा होता. जानेवारी २०२० पासून त्या राज्याने प्रत्येक विशेष शिक्षकास वर्षाला दहा हजार डॉलर जादा देण्यास सुरुवात केली. संशोधकांनी नंतर त्याचा परिणाम तपासला. विशेष शिक्षकांच्या रिक्त जागांचे प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने घटले. परंतु त्यातील मर्म पुढेच आहे. ही घट झाली ती मुख्यत्वे सर्वसाधारण वर्गांवरचे शिक्षक विशेष शिक्षणाकडे वळल्यामुळे. जे आधीच विशेष शिक्षक होते, त्यांच्या नोकरी सोडून जाण्यात मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही.

याच्या उलट अनुभव नॉर्थ कॅरोलायना या राज्याचा. तेथे २००१ ते २००४ या काळात गरीब वस्तीतील माध्यमिक शाळांत गणित, विज्ञान व विशेष शिक्षण या विषयांच्या शिक्षकांना वर्षाला १८०० डॉलर जादा देण्यात आले. शिक्षक सोडून जाण्याचे प्रमाण सुमारे सतरा टक्क्यांनी कमी झाले असे अभ्यासकांना आढळले. तीन वर्षांनी योजना बंद पडली. विशेष म्हणजे, आपण या पैशाला पात्र आहोत की नाही हेच अनेक शिक्षकांना नीट ठाऊक नव्हते.

या दोन्हींवरून आम्हांस असे वाटते, की पैशाने माणूस दाराशी येतो हे निश्चित; तो आत किती दिवस राहील हे मात्र पैशाइतकेच त्याच्या हाताखालील मुलांची संख्या, कागदपत्रांचा भार, मुख्याध्यापकाची समज यांवर अवलंबून असते. पण दाराशीच कोणी येत नसेल तर पुढचे सारे बोलणे व्यर्थ आहे. 'सेवाभावी वृत्ती हवी, पैसा गौण' असे आपल्या व्यासपीठांवरून नेहमी म्हटले जाते. ते म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. आज आम्ही ते तितक्या सहजतेने म्हणणार नाही.

जादा वेतन ही कल्पना महाराष्ट्राला परकी आहे असेही नाही. आदिवासी व नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी, देण्यात आली. प्रोत्साहन भत्त्याचीही सोय झाली. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या आदिवासी भागातील शिक्षकांना हे ठाऊक आहे. एखादे ठिकाण अवघड म्हणून अधिक वेतन देता येते, तर एखादे काम अवघड म्हणून का देता येऊ नये? भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीवर जाऊन सर्वसाधारण वर्ग शिकविणे अवघड आहेच. तेथे जाऊन कर्णबधिर मुलाला शिकविणे दुप्पट अवघड आहे.

याविरुद्ध शिक्षकांच्या खोलीत जो आक्षेप निघतो तोही नोंदविला पाहिजे, कारण तो अगदीच खोटा नाही. "आमच्या वर्गात साठ मुले, त्यांच्याकडे दहा, मग त्यांना अधिक का?" असे एका ज्येष्ठ शिक्षकांनी आम्हांस विचारले. शिवाय नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकास पहिली तीन वर्षे केवळ मानधन मिळते. २०२३ साली वाढ होऊन ते प्राथमिक स्तरावर सोळा हजार रुपये झाले. त्यापूर्वी अनेक वर्षे ते सहा हजार होते. अशा तरुणासमोर दुसऱ्याच्या जादा भत्त्याची गोष्ट काढणे कठीण जाते. आमचे उत्तर असे, की भत्ता हा कष्टांचे माप नसून टंचाईचे माप आहे. गणिताचे शिक्षक आटले असते तर त्यांच्यासाठीही हेच म्हणावे लागले असते. वर्गात साठ मुले असणे ही त्या ज्येष्ठ शिक्षकांची वेगळी आणि न्याय्य तक्रार आहे; ती विशेष शिक्षकाचे वेतन रोखून सुटत नाही.

आपल्या घरचा प्रश्न

आता थोडे आपल्या घराकडे पाहू, कारण शासनाला उपदेश करणे सर्वांत सोपे असते. दिव्यांगांच्या शिक्षणात ख्रिस्तसभेचे पाऊल या देशात फार लवकर पडले. मुंबईस माझगाव येथे कर्णबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात सुरू झाली ती बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने. भारतातील अशा शाळांत ती आद्य मानली जाते. १८९९ च्या दुष्काळानंतर अंध मुलांसाठी मुंबईत शाळा काढणाऱ्या मिस अॅना मिलार्ड या अमेरिकन मराठी मिशनच्या. याच मिशनचा नगरशी किती जुना संबंध आहे हे सांगणे नको. या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे.

पण या परंपरेत एक उणीव राहून गेली. आपल्या विशेष शाळा दीर्घकाळ सिस्टर्सच्या खांद्यावर उभ्या राहिल्या. सिस्टर्सनी दारिद्र्याचे व्रत स्वेच्छेने घेतलेले असते. त्यांचे जेवण, आजारपण, म्हातारपण त्यांचा संघ पाहतो. त्यांच्या शेजारी उभी राहून तेच काम करणारी प्रापंचिक शिक्षिका मात्र घरभाडे देते, मुलांची फी भरते, सासऱ्यांची औषधे आणते. तिचे वेतन ठरविताना आपण नकळत सिस्टर्सच्या व्रताचा हिशेब तिला लावला. परमगुरुस्वामी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी जे विश्वपत्र लिहिले, त्यात कुटुंब पोसू शकेल अशा वेतनाचा आग्रह आणि दिव्यांग व्यक्तींचा श्रमाचा हक्क, या दोन्ही गोष्टी आहेत. आपण दुसरी गोष्ट ३ डिसेंबरला आठवतो.

कायद्याचेही एक कलम येथे सांगितले पाहिजे. अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निवाड्याविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याचे सुचविले. त्यामुळे दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण आपल्या शाळांवर बंधनकारक आहे की नाही, याची चर्चा व्यवस्थापनांत चालते. परंतु २०१६ चा दिव्यांग अधिनियम निराळा आहे. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्व शाळांत समावेशित शिक्षण मिळावे असे त्याचे सोळावे कलम सांगते, आणि सहा ते अठरा वर्षांच्या ज्या मुलाचे दिव्यांगत्व कायद्याने ठरविलेल्या मर्यादेचे, म्हणजे चाळीस टक्के वा त्याहून अधिक आहे, त्याला जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क एकतिसावे कलम देते. अल्पसंख्याक म्हणून आपल्याला मिळालेले संरक्षण दिव्यांग मुलाला दारातून परत पाठविण्यासाठी नाही.

खर्चाची भीती बाळगणाऱ्यांसाठी एक हिशेब मांडतो. सहाशे विद्यार्थ्यांची एखादी विनाअनुदानित शाळा घ्या. तेथे आधीच असलेल्या एका शिक्षिकेने विशेष शिक्षणाची पात्रता मिळविली आणि शाळेने तिला दरमहा पाच हजार रुपये विशेष वेतन द्यावयाचे ठरविले, तर वर्षाचे साठ हजार होतात. सहाशे मुलांत वाटले तर दर मुलामागे वर्षाला शंभर रुपये. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आपण याहून अधिक खर्च करतो. अनुदानित शाळेत वेतन शासनाकडून येत असल्याने असा भत्ता देताना लेखापरीक्षकांचा व शिक्षण विभागाचा सल्ला घ्यावा लागेल हे खरे. पण तेथेही निदान अभ्यासक्रमाची फी व नोंदणी नूतनीकरणाचा खर्च संस्थेला उचलता येईल. फिरत्या शिक्षकाला पेट्रोलचे पैसे देण्यास तर कोणाची परवानगी लागू नये.

मात्र एक पथ्य पाळावे. भत्ता पदवीच्या कागदावर न देता प्रत्यक्ष कामावर द्यावा. विशेष शिक्षणाची पदवी असलेल्या बाईंना शाळेने भत्ता द्यायचा आणि मग त्यांच्याकडे सहावीचा इतिहास व परीक्षेचे वेळापत्रक सोपवायचे, हा प्रकार आम्ही पाहिला आहे. त्याने मुलाचे काहीच भले होत नाही. आणि दुसरे, जी शिक्षिका दिव्यांगत्वाच्या दुसऱ्या प्रकाराचेही प्रशिक्षण घेईल, तिला त्यासाठी वेगळी भर द्यावी; खेड्यात येणारी मुले एकाच प्रकारची नसतात.

पालकांसाठीही दोन शब्द. आपल्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर 'दिव्यांग' म्हणून लागले आहे की नाही, हे मुख्याध्यापकांना विचारून खात्री करून घ्या. पुष्कळ आईवडील लाजेपोटी ते लावू देत नाहीत. आणि शिक्षकांची पदे तर पटावरच्या संख्येवरून मागितली जातात. वैश्विक ओळखपत्र काढून घ्या. विशेष शिक्षक येत नसेल तर केंद्रप्रमुखांना व तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर न मिळाल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागता येते. अर्ज लिहिण्यास अडचण असेल तर धर्मग्रामातील फादरांकडे किंवा सिस्टर्सकडे जा.

हा लेख लिहिण्यास आणखी एक निमित्त घडले. राहुरी तालुक्यातील एका धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर एक तरुण शिक्षिका भेटली. साध्या शाळेत ती चौथीचा वर्ग शिकविते. तिच्या वर्गात एक कर्णबधिर मुलगी आहे आणि तिच्याशी बोलता यावे म्हणून ही शिक्षिका मोबाईलवरून खुणांची भाषा शिकते आहे. विशेष शिक्षणाची पदविका घ्यावी असे तिच्या मनात आहे. ती म्हणाली, "फादर, घरचे विचारतात, दोन वर्षं पगार सोडून शिकायचं आणि परत याच पगारावर यायचं, मग मिळवलं काय? त्यांना काय सांगू?" तिच्या शाळेच्या व्यवस्थापनाकडे आम्ही शब्द टाकला आहे : फी संस्थेने भरावी, रजा मंजूर करावी, आणि परत आल्यावर विशेष वेतन किती मिळेल ते आजच लेखी द्यावे. बैठक व्हावयाची आहे. प्रवेशाचा अर्ज तिने आणून ठेवला आहे, अजून भरलेला नाही.